सहावीची गुणपत्रिका नेमके काय सांगते?

गेल्या वर्षीची गोष्ट. सहावीच्या पहिल्या युनिट टेस्टचे गणिताचे पेपर तपासत होतो. अपूर्णांकांवरचा एक नेहमीचा प्रश्न होता. पाण्याची टाकी तीन-चतुर्थांश भरलेली आहे. तिच्यातून १५ लिटर पाणी काढले की ती अर्धी उरते. तर पूर्ण टाकीत किती पाणी मावेल? पेपर अर्थातच इंग्रजीत होता आणि ‘पाणी काढले’ यासाठी त्यात ‘ड्रॉन ऑफ’ असे शब्द होते. एका छात्राने उत्तराच्या जागी पट्टी धरून टाकीचे सुबक चित्र काढले होते. तीन-चतुर्थांश उंचीपर्यंत पेन्सिलीने छटा दिली होती आणि शेजारी १५ लिटरची एक बादलीही होती. गणित मात्र कुठेच नव्हते. मी शून्य दिले आणि पुढच्या पेपरकडे वळलो.

संध्याकाळच्या प्रेपला तो पेपर घेऊन माझ्याकडे आला. “सर, चित्र चुकलं का?” असे त्याने विचारले.

‘ड्रॉ’ म्हणजे चित्र काढणे, एवढे त्याला गावच्या शाळेत शिकवले होते आणि ते त्याने नीट लक्षात ठेवले होते. मराठीतही आपण चित्र काढतो आणि पाणीही काढतोच की! मी पेपर बाजूला ठेवला आणि मराठीत विचारले, “टाकी पाऊण भरलीय. पंधरा लिटर काढल्यावर अर्धी राहिली. टाकी केवढी?” त्याने कागदही घेतला नाही. “साठ लिटरची, सर. पाऊणमधून अर्धी गेली की पाव राहते. पाव म्हणजे पंधरा. चार पाव साठ.” कुठे शिकलास, असे विचारल्यावर म्हणाला, “घरी आम्ही डेअरीला दूध घालतो ना, सर.”

माझ्या गुणवहीतले ते शून्य चुकीचे नव्हते. पेपरावर उत्तर नव्हतेच. पण ते शून्य गणिताच्या रकान्यात पडले होते आणि उणीव इंग्रजीतली होती. गुणपत्रिकेवर हा फरक दिसत नाही. तिथे ‘गणित’ लिहिलेले असते आणि पुढे एक आकडा.

हे आज लिहिण्याला कारण आहे. मागच्या पालकसभेत एका पालकांनी सूचना मांडली की सहावीच्या तुकड्या गुणांवरून पाडाव्यात. पहिल्या सहामाहीनंतर वरची मुले एका तुकडीत, मधली दुसऱ्या आणि खालची तिसऱ्या. सभेत अनेक माना डोलल्या. शिक्षकांच्या खोलीतही काही सहकाऱ्यांना ही कल्पना पटली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. तरीही मला ती चुकीची वाटते, आणि का वाटते ते छात्र, पालक आणि सहकारी अशा तिघांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

आधी आपल्या सहावीत कोण बसते ते पाहू. सैनिक शाळांच्या प्रवेशात ६७ टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या मुलांसाठी आणि ३३ टक्के बाहेरच्या राज्यांतील मुलांसाठी असतात. अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, जमातींसाठी साडेसात टक्के, आणि २०२१-२२ पासून इतर मागासवर्गासाठी २७ टक्के जागा राखीव आहेत. उरलेल्या जागांपैकी २५ टक्के सेवेतील आणि निवृत्त सैनिकांच्या मुलांना मिळतात. त्याच वर्षापासून सर्व सैनिक शाळांत मुलींनाही सहावीत प्रवेश मिळू लागला. त्यांच्यासाठी १० टक्के किंवा किमान १० जागा आहेत. महाराष्ट्रापासून इतक्या दूरच्या शाळेत आपली मूठभर मराठी मुले दिसतात ती या ३३ टक्क्यांमुळे, आणि हे मराठी पान चालते तेही त्यांच्यामुळेच.

म्हणजे एका वर्गात एका बाकावर जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला शेतकऱ्याचा मुलगा असतो. शेजारी हवालदारांचा मुलगा, ज्याने वडिलांच्या बदल्यांमुळे पाचवीपर्यंत चार शाळा पाहिल्या. त्यामागे शहरातला, दोन वर्षे प्रवेश परीक्षेच्या क्लासला गेलेला. पलीकडे ओडिया, तेलुगू, मणिपुरी बोलणारी मुले. आणि थोड्याशा जागांसाठी मोठी चुरस पार करून आलेल्या मुली. देशातल्या फार थोड्या वर्गांत इतके वेगवेगळे घर एकत्र बसते. ही आपली श्रीमंती आहे असे आपण दर वार्षिकोत्सवात भाषणात सांगतो. प्रश्न एवढाच आहे की गुणपत्रिका वाचताना ती आपल्याला आठवते का?

प्रवेश परीक्षेचे स्वरूप बघा. सहावीची परीक्षा ३०० गुणांची. त्यात निम्मे, म्हणजे १५० गुण गणिताचे. बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांना प्रत्येकी ५०. पेपर इंग्रजी-हिंदीसह १३ भाषांतून देता येतो आणि मराठी त्यात आहे. म्हणजे आपण मुलाला सांगतो की तुझ्या भाषेत तुझे गणित दाखव. तो दाखवतो आणि निवडला जातो. मग तो ट्रंक घेऊन दारात येतो आणि पहिल्या दिवसापासून वर्ग इंग्रजीत, होस्टेल हिंदीत, आणि मराठी रविवारी घरच्या फोनवर. पाच-सहा आठवड्यांत पहिली टेस्ट. त्या टेस्टमध्ये तो खाली गेला तर आपण म्हणतो, “पाया कच्चा आहे.” ज्या पायावर आपणच त्याला निवडून आणले, तो दोन महिन्यांत कच्चा कसा झाला?

याच वयात, याच सहावीत मुले घेणारी दुसरी सरकारी निवासी शाळा म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय. १९८५-८६ मध्ये झज्जर आणि अमरावती इथे पहिली दोन सुरू झाली. तिथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. नवोदयच्या योजनेत सातवी-आठवीपर्यंत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा हे माध्यम ठेवले आहे. त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. म्हणजे माध्यम बदलायला मुलाला दोन वर्षे मिळतात. आपल्याकडे अनेक राज्यांची मुले एका वर्गात असल्याने तसे करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण जे त्यांना दोन वर्षांत करायचे ते आपण मुलाकडून दोन महिन्यांत मागतो, एवढे तरी आपण स्वतःशी कबूल केले पाहिजे.

भाषा हे एकच कारण नाही. त्या हवालदारांच्या मुलाचे उदाहरण घ्या. त्याचे इंग्रजी आणि हिंदी चांगले, त्यामुळे सहावीच्या यादीत तो वर असतो. पण एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना त्याचा अपूर्णांकांचा धडा मध्येच निसटलेला असतो. जुन्या शाळेत तो शिकवायचा होता, नव्या शाळेत शिकवून झाला होता. हे भोक सातवीत गुणोत्तर आणि टक्केवारी येईपर्यंत कोणालाच दिसत नाही. दोन वर्षे क्लास केलेला मुलगा पहिल्या टेस्टला पुढे असतो, कारण तो अभ्यासक्रम त्याचा आधीच झालेला असतो. नवा भाग सुरू झाला की काही जण टिकतात, काही मंदावतात. आणि मुलींबद्दल तर सुरुवातीला आमच्यापैकी काहींनी जे अंदाज बांधले होते, ते इथे न लिहिलेले बरे. त्यांनी ते खोटे ठरवले आहेत.

सहावीची पहिली गुणपत्रिका मूल किती लांब जाईल हे फारसे सांगत नाही. ते कोणत्या वाटेने आले, हे ती जास्त सांगते. आणि तुकड्या पाडायच्या त्या मूल आले कुठून यावरून नव्हेत, असे जर आपण मानत असू, तर या गुणपत्रिकेवरूनही पाडता येणार नाहीत.

ही चर्चा जगाला नवी नाही. अमेरिकेत ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी, मोफत शाळा. आपल्याकडच्यासारखी महागडी नव्हे. तिथली ‘मिडल स्कूल’ बहुधा आपल्या सहावी ते आठवीची. १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या सरकारसाठी सुमारे ४ हजार शाळांचा आणि ६ लाख विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. इमारती, प्रयोगशाळा, पुस्तके यांच्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध गुणांशी जास्त आढळला. या निष्कर्षाचा अर्थ अनेकांनी ‘शाळा काही करू शकत नाही’ असा काढला. पण त्याच अहवालात दुसरी गोष्टही होती. वर्गात सोबत कोण बसते, याचा परिणाम शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा जास्त दिसला, आणि तोही दुर्बल घरांतून आलेल्या मुलांवर अधिक. मुले मुलांकडून शिकतात. आपण तुकड्या पाडल्या तर खालच्या तुकडीतून नेमके हेच काढून घेऊ.

पुढे २००२ मध्ये तिथे आलेल्या कायद्याने तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली आणि प्रत्येक शाळेचा निकाल गटागटाने जाहीर करायला लावला: गरीब घरांतील मुले किती पुढे, इंग्रजी ही मातृभाषा नसलेली किती, अपंग मुले किती. त्याचा एक फायदा झाला. शाळेच्या सरासरीमागे कोण लपले आहे ते दिसू लागले. तोटाही झाला. उत्तीर्णांची संख्या वाढवण्यासाठी अनेक शाळांनी काठावरच्या मुलांवर जोर दिला आणि अगदी खालची मुले सोडून दिली. यातून मी घेतलेला धडा साधा आहे. मूल कुठून आले हे शिक्षकाला माहीत हवेच, पण कोणती मदत द्यायची ते ठरवण्यासाठी. त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवण्यासाठी नव्हे. “या कोट्यातली मुले अशीच” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोल्यांत ऐकले आहे. ते माहितीचे वाक्य वाटते, पण त्यात शिक्षकाने हात झटकलेले असतात.

आता दुसरी बाजू. तुकड्या मागणारे पालक म्हणतात की हुशार मूल वर्गात कंटाळते, आणि मागे असलेल्याला वर्गाचा वेग झेपत नाही. मग दोघांचे नुकसान का करायचे? हा आक्षेप खरा आहे. चाळीस मिनिटांच्या तासात मी दोघांनाही न्याय देतो असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण यावर उपाय म्हणून वर्षभराची तुकडी लागत नाही. ‘प्रथम’ या संस्थेने देशभर वापरलेल्या पद्धतीत मुलांना इयत्तेऐवजी त्यांना काय येते यावरून गटांत बसवतात, पण दिवसातला ठरावीक वेळच, आणि मूल पुढे सरकले की गट बदलतो. आपल्याकडे प्रेपचा वेळ आहे. त्यातला अर्धा तास विषयातल्या एकेका भागासाठी असे गट करता येतील. माझा टाकीवाला छात्र अपूर्णांकात वरच्या गटात बसेल आणि इंग्रजी वाचनात खालच्या. तुकडीत मात्र त्याला एकच खुर्ची मिळेल, एकूण गुणांची, आणि ती सहसा वर्षभर बदलत नाही. मुलाच्या मनातून ती त्याहून जास्त काळ बदलत नाही.

गंमत म्हणजे मैदानावर आपण हे शहाणपण रोज वापरतो. नवा छात्र आला की पीटीचे उस्ताद त्याची धाव, पुल-अप, उडी यांची नोंद घेतात. सत्र संपताना पुन्हा घेतात. डोंगराळ भागातून आलेला पोरगा पहिल्याच दिवशी क्रॉस-कंट्रीत पुढे असतो. फ्लॅटमध्ये वाढलेला अर्ध्यात बसतो. उस्ताद त्या दुसऱ्याला ‘कच्चा पाया’ म्हणत नाहीत. “आठ हफ्ते बाद देखेंगे,” म्हणतात. आणि आठ आठवड्यांनी त्याचा आकडा त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहतात. वर्गात आपल्याला हे का जमू नये?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

पहिली: सहावीच्या पहिल्या सहामाहीत नाव आणि क्रमांकांची यादी फलकावर लावू नये. गुण मुलाला आणि पालकांना कळवावेत, वर्गाला नव्हे.

दुसरी: प्रगतिपुस्तकात दोन रकाने असावेत, प्रवेशानंतरच्या पहिल्या चाचणीचा आणि आत्ताचा. पालकांची नजर दोन्ही आकड्यांमधल्या अंतरावर जावी.

तिसरी: पहिल्या सहामाहीत गणिताच्या पेपरात शाब्दिक उदाहरणांतील अवघड इंग्रजी शब्दांचा अर्थ हिंदीत द्यावा, आणि शक्य तिथे मुलाला उदाहरण त्याच्या भाषेत तोंडी विचारावे. यात गणित सोपे होत नाही. गणिताच्या रकान्यात गणितच मोजले जाते.

चौथी: प्रत्येक नव्या छात्राची एका पानाची नोंद वर्गशिक्षकाकडे असावी. आधीचे माध्यम, किती शाळा बदलल्या, घरी कोणती भाषा, कोणता भाग शिकायचा राहिला. जात, हुद्दा, उत्पन्न यांची त्यात गरज नाही. ती माहिती प्रवेशाच्या कागदांत असते आणि तिथेच राहावी.

कोणी म्हणेल, एवढी घाई कशाला, मुले दोन-तीन वर्षांत सावरतातच. पूर्वी तसे म्हणता येत होते. डिसेंबर २०२४ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बदल झाला. आता केंद्र सरकारच्या शाळांत, सैनिक शाळाही त्यात आल्या, पाचवी आणि आठवीत नापास झालेल्या मुलाला आपोआप वरच्या वर्गात घालता येत नाही. निकालापासून दोन महिन्यांत जादा शिकवणी आणि फेरपरीक्षा. त्यातही जमले नाही तर त्याच वर्गात. नियम योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण सहावीत ज्याची उणीव आपण चुकीच्या रकान्यात लिहिली, त्याच्यासाठी आठवी आता खरी अडथळ्याची भिंत आहे. तिच्यापर्यंत पोहोचायला त्याच्याकडे तीनच वर्षे आहेत आणि आपल्याकडेही तेवढीच.

शेवटी एक कबुली. टाकीवाल्या छात्राच्या काही वर्षे आधी, मी दुसऱ्या एका शाळेत असताना, असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. शांत, वही नीटनेटकी, पेपरात निम्म्याहून अधिक प्रश्न कोरे. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात तीन सत्रे एकच वाक्य लिहिले: पाया कच्चा, अधिक मेहनत हवी. त्याला त्याच्या भाषेत एकही प्रश्न मी कधी विचारला नाही. ती भाषा मला येतही नव्हती, पण त्याच्या वर्गात ती येणारा दुसरा छात्र होता. सातवीच्या शेवटी वडील येऊन त्याला घेऊन गेले. ते निवृत्त नाईक होते. मला म्हणाले, “साहब, आपने तो कोशिश की.” मी काही कोशिश केली नव्हती, आणि ते मला त्याच क्षणी कळले होते. मी वेगळे वागलो असतो तर तो टिकला असता का, हे मला सांगता येणार नाही. पण ते तपासण्याची संधी मी घेतली नाही, एवढे मला ठाऊक आहे.

टाकीवाला छात्र आता सातवीत आहे. तो पहिल्या पाचांत नाही आणि मी तसा दावाही करणार नाही. इंग्रजी निबंधात अजून लाल शाई बरीच पडते. पण शाब्दिक उदाहरण आले की आधी न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारतो, शेजाऱ्याला किंवा मला विचारतो, आणि मग सोडवतो. यंदा सहावीत आलेल्या दोन मुलांना प्रेपमध्ये तोच ते शिकवतो आहे. तुकड्या पाडल्या असत्या तर ती दोघे आणि तो खालच्याच वर्गात बसले असते, आणि त्याला हे शिकवण्यासारखे काही आहे असे त्याला स्वतःलाही वाटले नसते.

पालकहो, पुढच्या सभेला याल तेव्हा आम्हाला “मुलगा कितवा आला?” असे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, “आला तेव्हा त्याला काय येत नव्हते आणि आता काय येते?” आम्हाला याचे उत्तर देता आले नाही, तर त्या प्रगतिपुस्तकात आधी आमचेच गुण कापा.